कवळी, खुंटी आणि उरलेला दात

साठी ओलांडलेल्या माणसांच्या गप्पांत गुडघ्यांच्या खालोखाल विषय निघतो तो दातांचा. ‘कवळी की इम्प्लांट?’ हा प्रश्न आता लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो आणि ज्याने जे केले असेल तो त्याचीच बाजू घेतो. कवळीवाला म्हणतो, या वयात हाडात स्क्रू कशाला पिळून घ्यायचे? इम्प्लांटवाला म्हणतो, रात्री दात पेल्यात काढून ठेवायचे दिवस गेले. वाद रंगला तरी एक गोष्ट दोघांनाही मान्य असते. कवळी हा जुना उपाय, इम्प्लांट हा नवा. नवा महाग आहे, परवडला तर घ्यावा, नाहीतर जुन्यावर भागवावे.

मी दंतवैद्य नाही. रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास हा माझ्या वाचनाचा विषय, आणि कृत्रिम दातांचा इतिहास चाळायला घेतला तो त्याच ओढीने. तो वाचताना जुने-नवे ही विभागणी हळूहळू बाजूला पडत गेली. दिसली ती वेगळीच गोष्ट. खोटा दात जेव्हा जेव्हा सोपा, स्वस्त किंवा मिरवण्याजोगा झाला, तेव्हा तेव्हा कुणाच्या तरी तोंडातल्या खऱ्या दाताची किंमत उतरली. कधी तो दुसऱ्याचा होता, कधी स्वतःचाच. कवळी आणि इम्प्लांट यांतून निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो, असे मला वाटते. म्हणून हा लेख.

सोन्याची पट्टी आणि लाकडाची कवळी

इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडतात. पट्टी शेजारच्या धडधाकट दातांभोवती गुंडाळायची आणि मधल्या रिकाम्या जागेत माणसाचा किंवा जनावराचा दात बसवायचा, अशी ती रचना. बरीच वर्षे हा दंतवैद्यकाचा आरंभ मानला गेला. पण या पट्ट्यांचा बारकाईने अभ्यास केलेल्या मार्शल बेकर यांचे म्हणणे वेगळे आहे. या पट्ट्या सधन घरच्या स्त्रियांच्या, तेही पुढच्याच दातांवर आढळतात. सोने मिरवता यावे म्हणून चांगले दात मुद्दाम काढले गेले असावेत, असे त्यांचे मत आहे. ते खरे असेल तर कृत्रिम दाताच्या इतिहासाचे पहिले पान उपचारापेक्षा दागिन्याचे आहे.

जपानचा मार्ग निराळा होता. तिथल्या वाकायामा भागातल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीची कवळी आजही जपून ठेवलेली आहे. तिचा मृत्यू १५३८ सालचा. लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली ही पूर्ण कवळी जगातल्या सर्वांत जुन्या कवळ्यांपैकी एक समजली जाते. लाकडी मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांच्या हातात ही कला होती. मेणाने तोंडाचे माप घ्यायचे, लाकूड कोरायचे, तोंडात बसवून पाहायचे आणि जिथे टोचेल तिथे पुन्हा खरवडायचे. माप इतके नेमके असे, की वरची कवळी केवळ लाळेच्या जोरावर टाळूला चिकटून राही. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सहजी सुटत नाहीत, तसेच हे. पुढे विवाहित स्त्रियांच्या कवळ्यांचे दात काळेही केले जात, कारण तिकडे दात काळे करणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. आपल्याकडच्या सुवासिनींचे दातवण आठवले, तर यात नवल वाटू नये.

दुसऱ्याचे दात

त्याच काळात आणि त्यानंतरही युरोपात कवळी म्हणजे हस्तिदंताचा किंवा पाणघोड्याच्या दाताचा कोरीव तुकडा होता. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगांनी एकमेकींना जोडत. स्प्रिंग जबडे सतत उघडू पाहायची, त्यामुळे तोंड मिटून ठेवायलाही जोर लागे. शिवाय हस्तिदंताला खऱ्या दातासारखे कडक कवच नसते. तो लाळेत कुजतो आणि त्याला वास येतो.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची गोष्ट याच काळातली. त्यांचे दात लाकडाचे होते ही लोककथा खोटी आहे. ३० एप्रिल १७८९ रोजी शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने त्यांना पाणघोड्याच्या दाताची कवळी करून दिली आणि तो उरलेला दात जाण्यासाठी तिच्यात एक भोक ठेवले. सगळी कवळी त्या एका दातावर तग धरून होती. १७९६ मध्ये तोही काढावा लागला. ग्रीनवुडने तो फेकला नाही. एका छोट्या सोन्याच्या डबीत घालून स्वतःजवळ ठेवला. कवळी करणाऱ्या माणसाला उरलेल्या दाताची किंमत ठाऊक होती.

वॉशिंग्टन यांच्या हिशेबाच्या वहीत १७८४ सालच्या मे महिन्यात आणखी एक नोंद आहे. नऊ दातांबद्दल ‘निग्रों’ना दिलेले सहा पौंड दोन शिलिंग. हे दात गुलामांच्या तोंडातले होते. विकायचे की नाही हे ठरवण्याचे स्वातंत्र्य ज्यांना कितपत असेल, हे सांगायला नको, अशा माणसांचे.

लंडनमध्ये तेव्हा दात विकणे उघड चाले. विख्यात शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७७१ मध्ये दातांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रोवून तो तिथे धरतो, हे त्यांनी दाखवले होते. त्याच विश्वासावर ते एका माणसाचा ताजा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याचे समर्थन करत. पहिला दात नीट बसला नाही तर अडायला नको, म्हणून देणारी दोन-चार माणसे हजर ठेवावीत, असाही त्यांचा सल्ला होता. देणारी बहुधा गरिबांची पोरे. १७८७ मध्ये टॉमस रोलँडसन या व्यंगचित्रकाराने हा प्रकार चितारला. त्यात धुराडी साफ करणाऱ्या मुलाचा दात उपटून खानदानी बाईला बसवला जातो आहे. असे दात काही महिने, फार तर काही वर्षे टिकत. शिवाय एकाच्या तोंडातला रोग दुसऱ्याच्या तोंडात जाई. ही प्रथा मागे पडली ती यामुळे. दया हे त्याचे कारण नव्हते.

मग मेलेल्यांची पाळी आली. १८ जून १८१५ ला वॉटर्लूची लढाई झाली आणि रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात पोत्यांनी इंग्लंडला पोहोचले. ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव इतके रूढ झाले, की पुढे अन्य ठिकाणचे दातही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकन यादवी युद्धातल्या मृतांचे दातही असेच समुद्रापार गेले. तरुण, निरोगी माणसाचा दात हा विक्रीचा गुण होता. तो तरुण कसा मेला, हे गिऱ्हाईक विचारत नसे.

यातून सुटकेचा मार्ग चिनी मातीने दाखवला. पॅरिसचा औषधविक्रेता द्युशातो हा आपल्या हस्तिदंती कवळीच्या वासाला कंटाळला होता. १७७४ च्या सुमारास त्याने पोर्सिलेनची कवळी करवून घेतली. दंतवैद्य दुबोआ द शेमां याने ती कल्पना सुधारली आणि १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये तिचे पेटंट मिळवले. भट्टीत पोर्सिलेन आकसते, त्यामुळे माप चुके. बोलताना दात कपबशीसारखे वाजत. पण ते कुजत नव्हते आणि ते मिळवण्यासाठी कुणाचे तोंड उघडावे लागत नव्हते. एकोणिसाव्या शतकात सुटे पोर्सिलेनचे दात कारखान्यात होऊ लागले आणि माणसांच्या दातांचा बाजार बसला.

रबर आणि भूल

दात स्वस्त झाले तरी ते ज्यात बसवायचे ती बैठक महाग होती. चांगली बैठक सोन्याची. ती ठोकून घडवायला कसबी हात लागे. हे बदलले ते रबराने. चार्ल्स गुडइयर याने गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली आणि १८४४ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे त्याच्या भावाने कडक रबर तयार केले. हे रबर प्लास्टरच्या साच्यात मऊ असताना दाबायचे आणि तापवून कडक करायचे. ते तोंडाच्या मापाबरहुकूम बसे. सोनाराची कला लागत नसे. तपकिरी-लालसर, दिसायला ओबडधोबड, पण कारकुनाला आणि कामगारालाही परवडेल अशी कवळी इतिहासात प्रथमच तयार झाली.

या स्वस्ताईला एक फांदी फुटली. अमेरिकेत पेटंट धरून बसलेल्या गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करायला सुरुवात केली आणि जे देत नव्हते त्यांना कोर्टात खेचले. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन त्यासाठी गावोगाव फिरे. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट या दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार केले. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली आणि रबराची कवळी सर्वांना मोकळी झाली.

पण रबराइतकीच महत्त्वाची दुसरी घटना त्याआधीच घडली होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया होऊ शकते हे दाखवले. भूलशास्त्राच्या इतिहासात ही तारीख सोन्याने लिहिली जाते. मॉर्टन मुळात दंतवैद्य होता आणि कवळ्या बसवणे हा त्याचा धंदा होता, हे मात्र कमी सांगितले जाते. कवळी नीट बसायची तर तोंडातले किडके दात आणि तुटकी मुळे आधी काढावी लागत. त्या वेदनेला भिऊन गिऱ्हाईक परत जाई. भुलीचा शोध घेण्याची त्याची गरज तिथली होती.

दात काढणे वेदनारहित झाले आणि कवळी स्वस्त झाली. दोन्ही गोष्टी एकाच पिढीत घडल्या आणि उरलेले दात वाचवण्याचे कारणच पुष्कळांना उरले नाही.

एका देशाचे बोळके

याचे टोक इंग्लंडमध्ये पाहायला मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने किडलेल्या दातांतला आणि हिरड्यांतला पू सर्व शरीरात रोग पसरवतो, असे जोरात मांडायला सुरुवात केली. यात तथ्याचा अंश होता. पण त्याचा अर्थ असा लावला गेला, की सांधे दुखतात, काढा दात. पोट बिघडते, काढा दात. ब्रिटनच्या काही भागांत तरुण मुलीला एकविसाव्या वाढदिवसाला किंवा लग्नाआधी सगळे दात काढून कवळी करून देणे ही भेट समजली जाई. पुढे नवऱ्यावर दंतवैद्याचा खर्च पडायला नको, हा हिशेब. आपल्याकडच्या हुंड्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. फरक एवढाच, की इथे मुलीच्या अंगावर काही घातले जात नव्हते; तिचे असलेले काढून घेतले जात होते.

५ जुलै १९४८ ला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळी फुकट झाली. दंतवैद्यांच्या दारात रांगा लागल्या. खर्च इतका वाढला, की १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्मा यांवर शुल्क लावायचे ठरवले. मोफत सेवेचे तत्त्व मोडले म्हणून ही सेवा उभारणारे अन्यूरिन बेवन यांनी त्यावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सनही बाहेर पडले. कवळीवरून मंत्रिमंडळाला तडा जाण्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

१९६८ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या प्रौढांच्या दातांची पाहणी झाली. शंभरातल्या ३७ जणांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण सहावर आले होते. दरम्यान फ्लोराइडची टूथपेस्ट आली होती आणि दात काढण्याऐवजी भरण्याची रीत पडली होती. कवळी सुधारल्यामुळे हा बदल झालेला नाही. दात वाचवण्यासारखी वस्तू आहे हे समाजाला पुन्हा पटले, म्हणून झाला.

आपल्याकडची कवळी

आपल्याकडे कवळीला लाज चिकटली नाही, हे मला नेहमी जाणवते. ‘बोळके’ हा शब्द आपण आजीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी सारख्याच मायेने वापरतो. वर्ध्याच्या सेवाग्रामात गांधीजी कवळी लावत ती जेवणापुरती. छायाचित्रांत हसतात ते बोळक्याने. वॉशिंग्टन ओठ घट्ट मिटून चित्रकारासमोर बसले. गांधीजींनी कवळीला चमच्यासारखे एक साधन मानले. कवळी चेहऱ्यासाठी की चावण्यासाठी, हा निवडीतला पहिला प्रश्न या दोन तोंडांत दिसतो.

दंतवैद्यकाचे शिक्षण मात्र आपल्याकडे उशिरा आले. अमेरिकेत शिकून आलेल्या रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. तोवर आणि त्यानंतरही कवळी करणारे बरेच जण गुरूकडे हात चालवून शिकलेले कारागीर होते. चीनच्या हुबेई प्रांतातून आलेल्या कुटुंबांनी हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या केला आणि मोठ्या शहरांत ‘चायनीज डेंटिस्ट’च्या पाट्या झळकल्या. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या वर्गाला वाऱ्यावर सोडले नाही. पदवीधरांची नोंद ‘अ’ भागात आणि कायद्याआधी किमान पाच वर्षे हाच मुख्य धंदा करणाऱ्यांची ‘ब’ भागात, अशी नोंदवही केली.

तोवर रबराची जागा ॲक्रिलिकने घेतली होती. १९३७ च्या सुमारास आलेले हे प्लास्टिक हिरडीसारखे गुलाबी दिसते. आज तालुक्याच्या गावी होणारी साधी कवळी त्याचीच असते. माप, प्लास्टरचा साचा, मेणात मांडलेले दात, तोंडात घालून पाहणे आणि मग ॲक्रिलिक शिजवणे, हा क्रम जपानी कारागिराच्या क्रमाहून फार दूर नाही. हीच वस्तू फूटपाथवर बसणाऱ्यांच्या हातीही गेली. शेजारच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून किंवा थेट तोंडात प्लास्टिक घट्ट करून ‘पक्का दात’ बसवतात. तो पक्का राहतो खरा. पण त्याखाली अन्न साचून दोन्ही बाजूंचे दात हलू लागतात. एट्रुस्कन पट्टीचेच हे गरीब भावंड.

मिश्री आणि तंबाखूने आमच्या भागात हिरड्यांचे जे नुकसान केले आहे, ते वेगळे सांगायला नको. त्यात भर पडते ती हिशेबाची. रूट कॅनॉल आणि वरची टोपी यांचा खर्च दात काढण्याच्या अनेक पट. दुखतोय ना, मग काढून टाका, हे शहाणपण गरिबीने शिकवलेले आहे.

हाड

दात काढल्यावर काय जाते? तोंडातून दिसणारा भाग जातो, ते सर्वांना दिसते. दिसत नाही ते हाड. दाताचे मूळ हाडात घट्ट चिणलेले नसते. असंख्य सूक्ष्म तंतूंनी ते भोवतालच्या हाडाला टांगलेले असते. आपण चावतो तेव्हा हे तंतू हाडाला ताण देतात आणि त्या ताणावर ते हाड जगते. दात गेला की त्या हाडाचे काम संपते आणि शरीर ते मोडीत काढते. पहिल्या वर्षी झीज जोरात होते, नंतर संथ; थांबत मात्र नाही.

अँटये टालग्रेन यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा पंचवीस वर्षांचा मागोवा आहे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातली झीज वरच्यापेक्षा साधारण चौपट निघाली. कवळीची सगळी कुरकुर यातून कळते. वरच्या कवळीला टाळूचा पसारा मिळतो, लाळ तिला धरून ठेवते. खालच्या कवळीला घोड्याच्या नालाएवढी अरुंद जागा, मधे सतत हलणारी जीभ, आणि पायाखालची जमीन दरवर्षी खचणारी. म्हणून वरची कवळी बहुतेकांना सवयीची होते आणि खालची पुष्कळांच्या खिशात राहते.

उलट बाजूचा पुरावाही आहे. १९७८ मध्ये क्रम आणि रूनी यांनी काही रुग्णांचे खालचे सुळे न काढता, कापून हिरडीबरोबर आणले आणि त्यांवर कवळी बसवली. पाच वर्षांनी पुढच्या भागातले हाड सरासरी ०.६ मिलिमीटर कमी झाले होते. सर्व दात काढलेल्यांत ही झीज ५.२ मिलिमीटर होती. दोन किरकोळ मुळांनी हे केले. ग्रीनवुडने वॉशिंग्टनच्या कवळीत ठेवलेल्या भोकामागे हीच समज होती. त्याला आकडे ठाऊक नव्हते इतकेच.

सशाच्या पायातले टायटॅनियम

हाडात खुंटी ठोकून दात बसवण्याची कल्पनाही जुनीच आहे. होंडुरासमध्ये १९३१ साली सापडलेल्या, सुमारे सहाव्या-सातव्या शतकातल्या एका माया जबड्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे होते. १९७० मध्ये त्याचे क्ष-किरण चित्र काढले तेव्हा दोन तुकड्यांभोवती नवे हाड धरलेले दिसले. म्हणजे ते जिवंतपणी बसवलेले होते. पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत सोने, प्लॅटिनम, कोबाल्टचे मिश्रधातू असे बरेच काही रोवून पाहिले गेले. बहुतेक वेळा शरीर त्या धातूभोवती मऊ ऊतींचा लिफाफा तयार करी आणि खुंटी सैल होई.

गाठ सुटली ती अचानक. १९५२ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून मज्जेतला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी नळी परत काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला चिकटून वाढले होते. टायटॅनियमवर हवेत आपोआप धरणाऱ्या ऑक्साइडच्या थराशी हाडाचे वैर नसते. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यातल्या इल्मेनाइट खनिजात हाच धातू आहे.

१९६५ मध्ये गॉथेनबर्गला ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार खुंट्या बसवल्या. दुभंगलेली टाळू आणि सदोष जबडा घेऊन जन्मलेल्या या तिशीतल्या माणसाला कवळी धरतच नव्हती. २००६ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, त्या खुंट्या कामावर होत्या. पद्धत कमालीची सबुरीची होती. हाडाला छिद्र पाडताना ते तापू नये म्हणून सावकाश, मिठाच्या पाण्याच्या धारेखाली काम करायचे. ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर राहिले तरी हाडाला इजा होते, हे पुढे मोजून सिद्ध झाले. खुंटी बसवली की हिरडी शिवून टाकायची आणि तीन ते सहा महिने थांबायचे. त्यानंतर वरचे दात.

स्वीडनमधल्याच दंतवैद्यांनी दहा-पंधरा वर्षे यावर विश्वास ठेवला नाही. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने ही पद्धत स्वीकारली. तिच्या व्यापारी उत्पादनासाठी ब्रोनेमार्क यांनी १९७८ मध्ये ज्या कंपनीशी हात मिळवला तिचे नाव बोफोर्स. तोफांमुळे ते आपल्याकडे घराघरात पोहोचले, त्याआधीची ही गोष्ट.

या इतिहासात एक तपशील मोलाचा आहे. इम्प्लांट जन्माला आले ते कवळी न पेलणाऱ्या, सर्व दात गेलेल्या माणसासाठी. कवळीला हरवण्यासाठी ते निघाले नव्हते; तिला पाय देण्यासाठी निघाले होते. २००२ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तेच सूत्र मांडले. खालचा जबडा पूर्ण दंतहीन असेल तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी अडकणारी काढती कवळी, हा पहिला पर्याय धरावा. वरच्या जबड्यासाठी साधी कवळी पुष्कळदा पुरेशी असते. ‘कवळी की इम्प्लांट’ यातला ‘की’ काढून ‘आणि’ घातला, की बऱ्याच घरांचा प्रश्न सुटतो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

निवड

इतिहास औषध लिहून देत नाही. पण दवाखान्यात दोन अंदाजपत्रके हातात पडली असताना काय विचारावे, हे तो सांगू शकतो.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याभोवतीचे हाड जंतुसंसर्गाने झिजू शकते. ज्या अस्वच्छतेने आणि तंबाखूने मूळचे दात गेले, ती तशीच राहिली तर खुंटीही जाईल. मधुमेह ताब्यात नसेल तर धोका वाढतो. खऱ्या दाताभोवतीचे तंतू इथे नसल्यामुळे खडा चावला गेला तरी तो तितका जाणवत नाही. निरनिराळ्या कंपन्यांचे स्क्रू आणि सुटे भाग बहुधा एकमेकांना लागत नाहीत, म्हणून आपल्या तोंडात कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे इम्प्लांट आहे याचा कागद जमिनीच्या सातबाऱ्यासारखा जपून ठेवला पाहिजे. दहा वर्षांनी तोच उपयोगी पडतो.

कवळीचेही तसेच. ती एकदा केली की झाले असे नाही. खालचे हाड झिजत जाते, म्हणून तिला अधूनमधून नवा तळ द्यावा लागतो आणि काही वर्षांनी नवी करावी लागते. तिने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या पावपटीपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो, हे आधी कळलेले बरे. पण तिचे एक बळ आपण विसरतो. ती काढता येते. विस्मरण झालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातली कवळी सून, मुलगा किंवा सेविका काढून धुऊ शकते. हाडात घट्ट बसवलेल्या बारा दातांच्या सलग पुलाखाली दुसऱ्याने ब्रश फिरवणे फार कठीण आहे. साठीत निवड करताना पंच्याऐंशीतल्या हातांचा विचार कुणीतरी करायला हवा.

आणि सर्वांत मोठा प्रश्न या दोन्हींच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात रबर आणि ईथर एकत्र आले तेव्हा वाचण्याजोगे दात काढले गेले. विसाव्या शतकात फुकट कवळीच्या रांगेत तेच घडले. आज हलणाऱ्या चार-पाच दातांवर महिनोन्‌महिने उपचार करण्यापेक्षा ते सगळे काढून एका दिवसात नवी बत्तिशी देणे डॉक्टरांना आणि रुग्णालाही सुटसुटीत वाटू लागले आहे. तंत्र उत्तम आहे, ज्यांना खरी गरज आहे त्यांचे आयुष्य ते बदलते. पण गरज कोणाला, हे ठरवताना मागच्या दीडशे वर्षांचा अनुभव समोर असावा. हा दात खरेच वाचणार नाही का, निदान त्याचे मूळ कवळीखाली ठेवता येईल का, हे दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला थोडे पडतात.

चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण ज्या काळी पडली तेव्हा गेलेल्या दाताला इलाज नव्हता. आता तो आहे, आणि एकाहून अधिक आहेत. कवळी की इम्प्लांट हा प्रश्न दात गेल्यानंतर केव्हाही विचारता येतो. उरलेल्या दातांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र ते तोंडात आहेत तोवरच विचारता येतो.